झुल्याचं पाऊल

बाबा घरात होते तो शेवटचा दिवस बुधवार होता, आणि त्या बुधवारी सात कवळ्या पोचत्या करायच्या होत्या.

घराच्या तळमजल्यावर बाबांचं वर्कशॉप. शहरातल्या दंतवैद्यांकडून लोकांच्या तोंडाचे ठसे यायचे. बाबा त्यात प्लास्टर ओतायचे, साचा काढायचे, साच्यावर मेण, मेणात दात, असं करत करत शेवटी कुणाचं तरी हसू डबीत घालून पाठवून द्यायचे. चाळीस वर्षं हेच काम. लेकीलाही ते लहानपणापासून येत होतं. मधली पंधरा वर्षं ती दुसऱ्या शहरात एका ग्रंथालयात नोकरीला होती. आई गेली तेव्हा महिनाभरासाठी म्हणून आली, आणि त्या महिन्याला आता दोन वर्षं झाली होती.

त्या सकाळी बाबांनी सातही कवळ्या बाजूला सारल्या आणि टेबलावर वर्तमानपत्र पसरून दोन मोठे प्लास्टरचे साचे ठेवले. एकेक साचा ताटाएवढा. चार बोटं, रुंद टाच.

"बघ," ते म्हणाले. "कप्तानला वरच्या ओढ्याजवळ मिळालेत. परवाचे आहेत. ताजे."

हे पाऊल झुल्याचं, हे त्यांना सांगावं लागलं नाही. त्या घरात गेली अकरा वर्षं जेवताना मीठ मागितल्यासारखा झुल्याचा विषय निघायचा. शहराच्या उत्तरेला जे दाट रान होतं, त्याच्या वरच्या अंगाला, कड्याखाली तो राहतो म्हणे. माणसापेक्षा हातभर उंच, आणि खांद्यापासून गुडघ्यापर्यंत झुलीसारखे लोंबणारे केस. ज्यांना तो दिसतो ते म्हणे कधी त्याच्याबद्दल बोलत नाहीत. त्यामुळे न दिसलेल्यांनाच बोलावं लागतं, आणि ते मन लावून बोलतात.

या न दिसलेल्यांचं एक शोधमंडळ होतं. सभासद चार. बाबा, एक निवृत्त पोस्टमास्तर, एक औषधवाला आणि कप्तान. कप्तान कुठल्याही सैन्यात किंवा जहाजावर नव्हते; शाळेत असताना व्हॉलीबॉलच्या संघाचे कप्तान होते, ते नाव चिकटलं ते चिकटलंच. त्यांचं तंबू, दोर, स्टोव्ह वगैरे विकायचं दुकान होतं आणि दर रविवारी दुकानाच्या माळ्यावर मंडळ भरायचं. मंडळाचं काम म्हणजे मोहिमेची आखणी. मोहीम नव्हे, आखणी. अकरा वर्षांत मंडळी तीनदा रानात गेली आणि तिन्ही वेळा पहिल्या तळावर चहा पिऊन परत आली. पण नकाशे असे होते की सरकारी खात्याने लाजावं.

"बोटं बघ, बोटं," बाबा म्हणाले. त्यांचा आवाज दोन वर्षांत असा लागला नव्हता.

तिनं बोटं बघितली. तिसऱ्या बोटाच्या बुडाशी, आतल्या अंगाला, एक बारीक तिकोनी टवका होता. तिनं दुसरा साचा जवळ ओढला. तोच टवका, त्याच जागी, तेवढाच.

या धंद्यात हे पहिल्याच आठवड्यात शिकवतात. दोन साच्यांत एकच खोट दिसली, तर खोट साच्यात नसते. ज्यावरून ते घेतले त्या वस्तूत असते. आणि पाऊल जिवंत असतं तेव्हा चिखलात दर वेळी वेगळं पडतं, कधी टाच रुतते, कधी बोट वाकतं. इथं दोन्ही पावलं एकासारखी एक होती, बिस्किटांसारखी. एकाच लाकडी ठोकळ्यानं उमटवलेली. एखाद्या साच्यात केसाएवढी चूक निघाली तर तो दंतवैद्याकडे परत पाठवणाऱ्या बाबांना ते दिसत नव्हतं. त्यांनी चष्मा कपाळावर चढवला होता, आणि डोळे भरले होते.

"उद्या पहाटे निघतो," ते म्हणाले. "मंडळ जमवत बसलो तर धुकं धरेल. तीन दिवस. फार तर चार."

"एकटेच?"

"कप्तानचा गुडघा धरलाय. आणि पोस्टमास्तर आला तर झुल्या त्याच्या खोकल्यानंच पळेल."

ती हसली. मग म्हणाली, "लोकरीचे मोजे घ्या," आणि सात कवळ्या पुढे ओढल्या.

चौथ्या दिवशी वनरक्षकांना बाबा कड्याखालच्या घळीत सापडले. काठ भुसभुशीत होता, धुकं होतं, पाय गेला. वनरक्षकानं हे सांगितलं तेव्हा टोपी हातात धरली होती आणि तिची कड तो सारखी फिरवत होता. त्याचं म्हणणं ऐकायचं सोडून ती त्या टोपीकडेच बघत राहिली.

*

शोकसभा कप्तानांच्या माळ्यावर झाली. कप्तान बोलायला उभे राहिले, घसा खाकरला आणि म्हणाले, "तो झुल्याच्या मागावर गेला. त्याचं राहिलेलं काम आपण पुरं करू." लोकांनी माना डोलावल्या. तिसऱ्या रांगेत बसलेल्या तिनं मान डोलावली नाही. कप्तानांचे हात तिला दिसत होते, मोठे, खरबरीत, उजव्या अंगठ्याला भरत आलेला काप. लाकूड तासताना छिन्नी निसटली की नेमका तिथंच लागतो.

पुढच्या आठवड्यात दुकानाच्या काचेत बाबांचा फोटो लागला, एका बाजूला स्टोव्ह, दुसऱ्या बाजूला झोपायची पिशवी. खाली पाटी: स्मृती-मोहीम, नावनोंदणी सुरू.

आत्या, म्हणजे बाबांची धाकटी बहीण, तेव्हा घरीच मुक्कामाला होती. ती भाजी आणायला म्हणून गेली आणि रिकाम्या पिशवीनं परत आली.

"माझ्या भावाला सेलमध्ये लावलाय त्यानं," ती म्हणाली. "उद्या त्याच्या गळ्यात किमतीचा कागद अडकवेल. तू जाऊन तो फोटो काढून आण."

"राहू दे."

"राहू दे काय? तुझ्या अंगात रक्त आहे का प्लास्टर?"

"आत्या, मी मंडळात नाव घालणार आहे."

आत्यानं तिच्याकडे बघितलं, खुर्ची ओढली आणि चप्पल न काढताच बसली. "वेड घराण्यात आहे," ती म्हणाली. "पण ते बायकांना लागत नाही असं मला वाटायचं."

ते दोन साचे वर्कशॉपच्या फळीवर होते. ते उचलून माळ्यावर नेले असते, टवक्यावर बोट ठेवलं असतं, तर दहा मिनिटांत काम झालं असतं. पण तेवढ्यानं काय झालं असतं? कप्तान रडले असते. लोकांनी त्यांना पाणी दिलं असतं. पोस्टमास्तर म्हणाले असते, हेतू वाईट नव्हता हो. तिला कुणी कप्तानांना पाणी दिलेलं नको होतं. आणि शिवाय कुणीतरी विचारलं असतं, पोरी, तुझ्या हे कधी लक्षात आलं?

या दुसऱ्या कारणापाशी ती फार वेळ थांबत नसे.

*

आखणीत ती बाबांची लेक निघाली. पहिल्या रविवारी तिनं जुने नकाशे मागून घेतले, दुसऱ्या रविवारी ते एकाच मोठ्या कागदावर उतरवून आणले. तीन तळ, तिन्हींची पाण्याची जागा, चढाचे तास, उताराचे तास, धुकं किती वाजता विरतं. सामानाची यादी एकशे वीस वस्तूंची. औषधवाल्यानं ती यादी दोनदा वाचली आणि म्हणाला, "या पोरीनं अकरा वर्षांपूर्वी नाव घातलं असतं तर झुल्या आतापर्यंत पिंजऱ्यात असता."

"तंबू किती?" पोस्टमास्तरांनी विचारलं.

"तीन."

"मी कुणाबरोबर?"

"एकटे. तुमच्या घोरण्याबद्दल बाबांनी लिहून ठेवलंय."

सगळे हसले. कप्तानही हसले. मग म्हणाले, "मी आपला पहिल्या तळावर बसून सगळं जुळवून घेईन. कुणीतरी खाली लागतंच."

"खाली पोस्टमास्तरकाका थांबतील," ती म्हणाली. "तुम्ही बाबांचे सगळ्यांत जुने मित्र. दुसऱ्या तळापासून घळीपर्यंत पुढे तुम्हीच चालायचं. आम्ही मागे."

औषधवाला म्हणाला, "बरोबर आहे. मान कप्तानचाच."

"माझा गुडघा, बाळा..."

"गुडघ्याचा पट्टा यादीत आहे, काका. एकशे चौदावा."

कप्तानांनी यादी उलटून बघितली. पट्टा होता. त्यांनी मान हलवली, आणि त्यांच्या चेहऱ्यावरून जे सरकत गेलं ते बघून तिला बाबा गेल्यापासून पहिल्यांदा भूक लागली.

खरी आखणी वर्कशॉपमध्ये चालली होती. सकाळी कवळ्या सुरू करायच्या आधी ती तासभर पाऊल घडवत असे. कप्तानांनी केलं तसं लाकडाचं नव्हे. तोंडाचे ठसे घ्यायचं रबर तिनं थरावर थर देऊन जमवलं, आत कवळ्यांच्या गुलाबी प्लास्टिकची हाडं बसवली, बोटांना सांधे ठेवले. दाबलं की बोटं पसरत, टाच टेकली की चवडा उचलला जाई. बाबांनी असलं काम बघितलं असतं तर जेवायचं विसरले असते. दर वेळी पाऊल वेगळं उमटणार होतं, जिवंत पावलासारखं.

तिला हे बरोबर कळलं होतं की जगात एकच माणूस असा आहे ज्याला झुल्याची खरी पावलं दिसली तर घाम फुटेल, आणि तो म्हणजे ती खोटी करणारा. बाकीचे टाळ्या वाजवतील. कप्तान मात्र तोंडातून शब्द काढू शकणार नाहीत, आणि त्या पावलांमागून पुढे पुढे जातील, कारण न जाणं त्यांच्यानं होणार नाही. सगळे उठायच्या आत तिनं उमटवलेली ती पावलं घळीच्या काठाकडे जातील. पुढचं आपण ठरवलेलं नाही, असं ती स्वतःला सांगत असे. पण धुकं विरायची वेळ तिनं नकाशावर स्वतःच्या हातानं लिहिली होती, आणि काठावर पोचायची वेळ त्याच्या तासभर आधीची होती.

एका सकाळी आत्या चहा घेऊन खाली आली.

"हे काय?"

"पाऊल."

"ते दिसतंय. त्या कप्तानासाठी ना?"

तिनं कानस खाली ठेवली. "तुला कसं कळलं?"

"तू शीळ घालत होतीस," आत्या म्हणाली. कप तिनं मेणाच्या भांड्यापासून लांब ठेवला, बाबा ठेवत तसाच. "भाऊ माझा होता, मलाही त्या माणसाचा गळा धरावासा वाटतो. पण गळा धरायचा तर हातानं धर. हे असलं पायानं नको." आणि जिना चढून गेली.

*

मोहिमेला दहा दिवस उरले तेव्हा तिनं पाऊल पहिल्यांदा वापरून बघितलं. कप्तान गुडघ्यासाठी रोज सकाळी जुन्या खाणीच्या वाटेनं फिरायला जात. वाटेत ओहोळ होता. त्याच्या काठच्या चिखलात तिनं दोनच पावलं उमटवली, एक सरळ आणि एक थोडं घसरलेलं, बोटं आवळलेली. घसरलेल्या पावलाचा तिला अभिमान वाटला.

दुसऱ्या दिवशी सकाळी नऊला कप्तान वर्कशॉपच्या दारात उभे होते. बुटांना चिखल, हातात वर्तमानपत्रात गुंडाळलेलं काहीतरी. ते कधी तिथं येत नसत. बाबा गेल्यावर तर एकदाही आले नव्हते. तिनं स्टूल पुढे केलं. ते बसले नाहीत.

"दार लाव, बाळा," ते म्हणाले.

तिनं लावलं. त्यांनी कागद सोडला. घसरलेल्या पावलाचा साचा होता, घाईघाईत ओतलेला, बुडबुड्यांनी भरलेला.

"हा बघ. मग मी काय सांगतो ते ऐक. मध्ये बोलू नकोस, नाहीतर माझ्यानं होणार नाही."

तिनं साचा जवळ ओढला.

"ते आधीचे दोन मी केले होते. तुझ्या बाबाला दिले ते. शिसवी ठोकळा होता घरी, त्यातून काढलं पाऊल." कप्तान फळीकडे बघत नव्हते, पण साचे तिथंच आहेत हे त्यांना ठाऊक होतं. "तुझी आई गेल्यापासून तो रोज अकरा वाजता दुकानात येऊन बसायचा. स्टोव्हच्या खोक्यांवरची अक्षरं वाचत. एक दिवस म्हणाला, मंडळ बंद करू या. मला वाटलं, हा आता घरी बसणार आणि बसल्या जागी संपणार. म्हणून केलं. अगं, मला वाटलं तो एका नजरेत पकडेल. चाळीस वर्षं साचे काढणारा माणूस. मला चार शिव्या देईल, आम्ही हसू, आणि तेवढ्यावर त्याचं वर्ष निघेल. तो टवका बघितलास का? तो मी मुद्दाम ठेवला होता. त्याला सापडावा म्हणून."

तिचे हात टेबलाच्या कडेवर होते. ते तिथंच राहिले.

"त्यानं बघितलं आणि त्याचे डोळे भरले. मग कसं सांगणार? तूच सांग. आज सांगू, उद्या सांगू म्हटलं. गुरुवारी सकाळी फोन केला तर तो पहाटेच निघून गेलेला." कप्तानांनी खिशातून रुमाल काढला आणि तो न वापरता परत ठेवला. "शोकसभेत सांगणार होतो. उभा राहिलो आणि भलतंच बोललो. तुझ्याकडे बघवलं नाही. फोटो लावला तो दुकानासाठी नाही गं. रोज शटर उघडताना तोंडासमोर यावा म्हणून लावला."

तिला हे नको होतं. सात आठवडे तिनं मनात ज्या माणसाला पुढे चालवत काठापर्यंत नेलं होतं तो धूर्त होता, गल्ल्यावर बसून हसणारा होता. हा तो नव्हता. तरीही राग गेला नाही. राग गेला असता तर सोपं झालं असतं. तो तिच्या छातीत होता तसाच होता, फक्त त्याच्यासमोर उभं करायला आता कुणी उरलं नव्हतं.

"पण हे," कप्तान साच्यावर हात ठेवत म्हणाले, "हे मी केलेलं नाही. ही बोटं बघ, आवळलीत. घसरताना आवळतात तशी. लाकूड वाकत नाही, बाळा. म्हणजे झुल्या खरा आहे. म्हणजे तुझा बाबा उगाच नाही गेला." त्यांचा श्वास जोरात चालला होता. "मोहिमेची वाट बघत नाही मी. तिथं सगळ्यांच्या पुढे ऐटीत चालायची माझी लायकी नाही. उद्या पहाटे एकटा जातो, घळीपर्यंत. त्याचं एवढं तरी देणं लागतो मी."

"गुडघा?"

"गुडघ्याला काय होतंय. तू फक्त सांग. त्याच्यानंतर साच्यातलं कळणारं शहरात तूच. खरा आहे म्हणालीस की जातो."

बाहेरून कुणीतरी सायकलची घंटी वाजवत गेलं. साच्याखालचं वर्तमानपत्र ओलं होऊन फाटत होतं. समोर एक म्हातारा माणूस, हातात खोटं पाऊल, डोळे भरलेले, उद्या पहाटे एकटा निघणारा. तिनं नकाशावर एवढे तास मांडले होते, त्यातल्या एकाचीही आता गरज नव्हती. तिला काही करायचंच नव्हतं. हो म्हणायचीही गरज नव्हती. नुसती मान खाली घालून कानस उचलली की झालं. ते तिला येत होतं. ते तिनं या टेबलापाशी, याच जागी उभं राहून एकदा केलेलं होतं.

"बघतेस ना नीट?" कप्तान म्हणाले.

"बघितला. खोटा आहे."

"काय?"

"मी केलाय. रबराचा. कपाटात आहे, दाखवते." तिचा आवाज कवळीचं माप सांगताना लागतो तसाच होता. "मोहिमेत तुमच्या वाटेवर आधीच अशी पावलं उमटवून ठेवणार होते. घळीच्या काठापर्यंत. धुक्यात."

कप्तान हळूच स्टुलावर बसले. बराच वेळ त्यांनी त्या साच्याकडे बघितलं. रागावले नाहीत. "माझ्या वाट्याला तेच यायला हवं होतं," ते शेवटी म्हणाले. "माझ्यामुळे गेला तो."

"नाही."

"बाळा, तू आता मला बरं वाटावं म्हणून..."

"तुम्हाला बरं वाटावं म्हणून मी काहीही बोलणार नाही, काका. मला अजूनही तुमचं तोंड बघवत नाही." ती थांबली. पुढचं वाक्य तिनं मनातसुद्धा कधी पुरं केलं नव्हतं. बाबा फार खूश होते, त्यांचं मन मोडवलं नाही, एवढ्यावरच ती ते दर वेळी सोडून देत आली होती. तेही खरं होतं. पण ते अर्धं होतं.

"तुमचा टवका सापडला होता," ती म्हणाली. "त्यांना नाही. मला. त्याच सकाळी, ते इथं उभे असताना. मी एक शब्द बोलले असते तर ते गेले नसते. आणि मी बोलले नाही, कारण दोन वर्षं मी सकाळ-संध्याकाळ झुल्या ऐकत होते, आणि मला तीन दिवस हे घर एकटीला हवं होतं."